अमावास्येची तोंडी परीक्षा

इंग्रजीचा मास्तर म्हटलं की लोकांना फळा, खडू आणि छडी आठवते. मला माझा वर्ग आठवला की आधी ठोके ऐकू येतात. नाशकातल्या तांबट आळीत, आमच्याच घराच्या माडीवर, एकोणीसशे तीसनंतरची बरीच वर्षं मी कॉलेजच्या इंग्रजी परीक्षेची तयारी करून घेत असे. खाली आमच्या दादाचा कारखाना होता. सकाळी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत दादा आणि त्याचे कारागीर हंडे, घागरी, बंब मठारत बसलेले असत. मठारणं म्हणजे घडवलेल्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देत जाणं. त्यानं भांडं टणक होतं आणि त्याला चकाकी येते. असल्या घराच्या माडीवर शहाणा माणूस शिकवणी काढणार नाही. पण माडी घरची होती, आणि घरच्या माडीला नावं ठेवण्याइतका मोठा मास्तर मी नव्हतो.

मुळात मी मास्तर झालो तोच हातोडीमुळे. लहानपणी वडिलांनी मला ऐरणीसमोर बसवून पाहिलं. माझा एक ठोका इथे तर दुसरा तिथे. पाचसहा घागरी पोचे पडून वाया गेल्यावर ते आईला म्हणाले, "याचा हात चुकतो. याला शाळेत घाला." दादाचा हात कधी चुकला नाही, म्हणून तो तांबट राहिला आणि मी बी. ए. झालो. आळीत कौतुक दादाचंच जास्त होतं, आणि ते रास्तच होतं.

आमच्या धंद्याची थोडी ओळख करून देतो. त्या काळी मुंबईतलं एक कॉलेज बाहेरगावच्या मॅट्रिक झालेल्या मुलामुलींना सरळ दाखल करून घेत नसे. खेड्यापाड्यातली मुलं पाठांतरावर मॅट्रिक होतात आणि वर्गात साहेब प्रोफेसर बोलायला लागला की तोंडाकडे पाहत बसतात, अशी त्यांची तक्रार होती. ती काही अगदीच खोटी नव्हती. म्हणून ते स्वतःची इंग्रजीची परीक्षा घेत. पहिला निबंध, दुसरं सारांशलेखन, आणि तिसरी तोंडी. पहिल्या दोन्हींत घासूनपुसून निभावून नेता येई. तोंडीत मात्र साहेबासमोर एकट्यानं बसायचं, दिलेला उतारा वाचून दाखवायचा आणि तो जे विचारेल त्यावर बोलायचं. नाशिक, सायखेडा, चांदवड, सिन्नर इकडच्या ज्यांना तिथे जायचं असे, त्यांतले बरेचसे माझ्या माडीचा जिना चढत.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. मालेगावकडचा एक वकिलाचा कारकून होता, चाळिशीकडे झुकलेला. त्याला उतारवयात कॉलेजात जायची हौस आली होती. त्यानं कुठल्याशा गाइडातला समुद्रावरच्या वादळाचा निबंध तोंडपाठ केला होता आणि विषय कोणताही आला तरी तो आपलं जहाज त्यात आणून बुडवायचा. परीक्षेत त्यानं ते इतकं मनापासून बुडवलं, की तोंडीच्या वेळी साहेबानं त्याला आदरानं विचारलं, आपण कोणत्या बोटीवर होता? कारकून सरळ माणूस. त्यानं सांगून टाकलं, की मी अजून गंगेच्या पलीकडेसुद्धा होडीनं गेलेलो नाही. गंगा म्हणजे आमची गोदावरी. नाशिककर तिला दुसरं नाव घेत नाहीत. साहेबाला मात्र ती काशीची वाटली असावी. त्यानंतर मी वर्गात नियमच केला, की जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही.

दुसरा युसूफ. त्याच्या वडिलांचं देवळाली कॅम्पात कापडाचं दुकान होतं आणि तो लहानपणापासून गोऱ्या सोल्जरांना पायजम्याची नाडी विकत वाढलेला. खरं बोलतं इंग्रजी माझ्या अख्ख्या वर्गात त्या एकट्यालाच येत होतं, आणि ते परीक्षेत वापरण्यासारखं नव्हतं. सूर्यास्ताचं वर्णन कर म्हटलं तर तो सूर्यालाही सोल्जरी शिवी हासडायचा, आणि ती शिवी आहे हे त्याला ठाऊकच नसायचं. मलाही सगळ्या कळत नसत. माझं इंग्रजी पुस्तकातलं. मी तोवर एकाही गोऱ्या माणसाशी दहा वाक्यं बोललो नव्हतो. शेवटी आम्ही आपसांत ठरवलं, की जो शब्द मला समजणार नाही तो त्यानं साहेबासमोर काढायचा नाही. युसूफ पास झाला. पुढे त्याच कॅम्पात त्यानं मोठं दुकान काढलं आणि मला भेटला की अजूनही मुद्दाम पुस्तकी इंग्रजीत हालहवाल विचारतो.

आता ठोक्यांकडे येतो. माडीवर बोलायचं तर खालच्या आवाजावर आवाज चढवावा लागे. त्यामुळे दिवसभर माझ्या तोंडी एकच शब्द असे: "मोठ्यानं." वाचताना मोठ्यानं, उत्तर देताना मोठ्यानं. आळीतली पोरं मला पाठीमागं 'मोठ्यानं मास्तर'च म्हणत. याचा फायदा असा, की लाजरीबुजरी मुलंसुद्धा महिन्याभरात घसा मोकळा करून इंग्रजी बोलू लागत. तोटा काय तो पहिली तुकडी मुंबईहून परत आल्यावर कळला. त्या शांत, गालिचा घातलेल्या खोलीत माझी मुलं साहेबासमोर बसली आणि तांबट आळीत बोलावं तशी बोलली. साहेबानं म्हणे खुर्ची मागे सरकवली, मग आणखी मागे सरकवली, आणि शेवटी उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

दादाला म्हटलं, दुपारी तासभर काम बंद ठेवशील का? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो विषय पुन्हा काढला नाही. पण महिन्यातून एक दिवस कारखाना आपोआप बंद असे. अमावास्येला तांबट हत्यार उचलत नाही. कित्येक पिढ्या चालत आलेली रीत ती. त्या दिवशी आळीभर अशी शांतता पसरे, की कोपऱ्यावरच्या रहाटाचा आवाज माडीवर यावा. मग मी तोच दिवस धरला. बाकी महिनाभर शिकवणी आणि अमावास्येला तोंडी परीक्षा. मी साहेब व्हायचो, खुर्चीवर बसायचो, आणि एकेकाला समोर बसवून विचारायचो. गंमत अशी, की ठोक्यांत खणखणीत बोलणारी मुलं त्या शांततेत एक तर ओरडायची किंवा गप्पच व्हायची. हळूहळू सवय व्हायची.

कृष्णाबाईला मात्र होईना.

ती सायखेड्याची, शेतकरी घरातली. वडिलांना मुलीला शिकवायचं वेड. त्यांनी तिला नाशकात आत्याकडे ठेवून मॅट्रिक केलं आणि त्याच वर्षी ते वारले. मागे थोरला भाऊ निवृत्ती. तो वाईट नव्हता, पण त्याला बहिणीच्या शिक्षणाचं काय करायचं ते कळत नव्हतं. चांदवडच्या एका कांदेवाल्या बिजवराचं स्थळ आलं होतं. घरचं चांगलं होतं, जमीन होती, आणि पहिल्या बायकोची दोन मुलं. निवृत्ती पहिल्याच दिवशी माझ्या माडीवर येऊन, पागोटं मांडीवर घेऊन बसला आणि मला स्पष्ट बोलला.

"मास्तर, बापाचा शब्द हाय म्हणून एक डाव बघतो. ही परीक्षा उतरली तर मुंबई. नाय उतरली तर चांदवड. मग मला कोणी काय म्हनू नये."

कृष्णाबाई शेजारी बसून जमिनीकडे पाहत होती. मी तिला विचारलं, तुम्हांला काय वाटतं? ती काहीतरी म्हणाली, ते ठोक्यांत बुडालं. मी सवयीनं म्हटलं, "मोठ्यानं." तेव्हा तिनं मान वर केली आणि सगळ्या माडीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मुंबई."

त्या दिवसापासून मी तिला शिकवत होतो. आत्या बरोबर यायची आणि खाली आमच्या वहिनीपाशी निवडण-टिपण करत बसायची. इतकी चांगली विद्यार्थिनी मला आधी मिळाली नव्हती, नंतरही मिळाली नाही. निबंधात नियम पाळून फक्त पाहिलेलं लिहायची, पण तिनं पाहिलं होतं किती. पूर ओसरल्यावर सायखेड्याच्या घाटावर राहिलेला गाळ, त्यातली पाखरांची पावलं, मोटेवरच्या बैलाची सुटका झाल्यावर तो क्षणभर तसाच उभा कसा राहतो ते. मी साधं व्याकरण तपासायला वही घ्यायचो आणि तपासायचं विसरून वाचत बसायचो. खालचे ठोके चालू असले की ती बोलायचीही सुरेख. आवाज चढवून, हात उडवून, माझ्याशी वादसुद्धा घालायची.

आणि फाल्गुनातली अमावास्या आली तर समोर बसून एक शब्द नाही. साधे प्रश्न विचारले. तुमचं गाव कुठलं, नदीचं नाव काय. ओठ हलायचे, घाम फुटायचा, आवाज नाही. चैत्रातही तेच. मी भिंतीकडे तोंड करून बसून पाहिलं, वर्गाला बाहेर पाठवून पाहिलं, पण उपयोग नाही. शेवटी मी मराठीत विचारलं, की होतं तरी काय?

तिनं पदरानं घाम पुसला. मग म्हणाली, "ठोके चालू असले म्हंजे वाटतं, आपलं कोणी ऐकत नाय. बंद झाले की माझाच आवाज मला ऐकू येतो. आमच्या घरात बाईमाणसाचा आवाज ओट्याच्या बाहेर कधी गेलेला नाय, मास्तर."

परीक्षा वैशाखात, म्हणजे यानंतर अमावास्या मिळणार नव्हती. मी खाली गेलो आणि दादाला, जन्मात कधी विनवलं नव्हतं तसं विनवलं, की आज थोडे ठोके दे. हळूहळू कमी करत जा, म्हणजे तिला कळणार नाही. दादा म्हणाला, "तुझ्या इंग्रजीसाठी मी अमावास्या मोडणार नाही." पण तो उठला, धोतराला हात पुसले आणि माझ्या मागून जिना चढून माडीवर आला. माझ्या वर्गात तो त्याआधी कधीच आला नव्हता. माझ्या खुर्चीवर त्यानंच बैठक मारली आणि कृष्णाबाईला म्हणाला, "मला इंग्रजीचं अक्षर येत नाही, बाई. तेव्हा चुकलंमाकलं मला कळायचं नाही. खाली मी दिवसभर काय करतो ते तुमच्या इंग्रजीत मला सांगा बघू."

मग तिनं सुरुवात केली. आधी पुटपुटत, मग नीट. तांब्याचा पत्रा कसा येतो, तो तापवतात, लाल होतो, पाण्यात टाकतात, मग ऐरणीवर त्याचं पोट फुगवत नेतात, आणि शेवटी तो कोवळा हंडा घेऊन दादा बसतो आणि ठोक्याशेजारी ठोका देत जातो, एकही जागा न चुकवता. इतक्या शांततेत तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तो मला वाटलं होतं तसा नव्हता, त्याहून खोल होता. मी दाराशी उभा होतो आणि माझ्या मनात नको ते काहीतरी हललं. दादा शब्दही न कळता शेवटपर्यंत मान डोलावत होता. ती थांबल्यावर म्हणाला, "बरोबर आहे," आणि उठून खाली गेला.

मुंबईला ती निवृत्तीबरोबर गेली. तिथे काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. साहेबाच्या खोलीत गेल्यावर पुन्हा तीच गत झाली. उतारा कसाबसा वाचून झाला, पण पहिल्या प्रश्नाला घसा बंद. साहेब वाट पाहत होता आणि ती टेबलाच्या कडेवर बोटानं ठोके देत होती, स्वतःच्या नकळत. दादाच्या लयीत. साहेबानं विचारलं, हे काय आहे? तेवढ्या ठोक्यांचा आधार धरून तिनं जे सुरू केलं ते तांब्याच्या पत्र्यापासून हंड्यापर्यंत सांगून संपवलं. साहेब मधे मधे विचारत गेला, ती सांगत गेली. शेवटी त्यानं तिला विचारलं, नाशिक सोडल्यावर सर्वांत जास्त कशाची आठवण येईल? ती म्हणाली, ठोक्यांची.

तिथून निकाल येईपर्यंत मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. मी वाट पाहत होतो, आणि कशाची ते मलाच ठरवता येत नव्हतं. ती नापास झाली तर चांदवड. पास झाली तर मुंबई. आमच्या धंद्यात पास होणं म्हणजे जाणंच. नावाडी चांगला असला की होडी रिकामी होते, हे मला आधीच कळायला हवं होतं. ती पास व्हावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि तिनं जाऊ नये असंही तितकंच मनापासून वाटत होतं. तांबटाच्या मुलानं सायखेड्याच्या पाटलांच्या नात्यातल्या मुलीबद्दल त्या काळात असं काही वाटून घेणं म्हणजे काय, ते वाचकांना वेगळं सांगायला नको. पण वाटून घेण्याला कोणाची परवानगी लागत नाही.

ज्येष्ठातल्या अमावास्येला निवृत्ती वडिलांचं तर्पण करायला रामकुंडावर आला होता. ती त्याच्याबरोबर आली आणि तो घाटावर असताना आत्याला घेऊन आमच्याकडे. आत्या खाली वहिनीपाशी बसली. दादानं कृष्णाबाईसाठी एक लहान गडू घडवून ठेवला होता. "होस्टेलात पाणी प्यायला," म्हणाला. तो हातात घेऊनच ती वर आली. वर्गाला सुट्टी होती. माझ्यापुढे पेढे ठेवून ती नेहमीच्या जागी, माझ्यासमोर बसली. पास झाली होती. दोन दिवसांनी नाशिकरोडहून गाडी होती.

आळीत चिटपाखरू बोलत नव्हतं. कोपऱ्यावरचा रहाट ऐकू येत होता. मला जे म्हणायचं होतं ते एकच वाक्य होतं, आणि ते मी महिनाभर मनात घोकलं होतं. "कृष्णाबाई, शिकून झालं की इकडेच या. मी वाट पाहीन." एवढंच. त्यात अवघड शब्द एकही नाही. मी तोंड उघडलं आणि त्या शांततेत मला माझाच श्वास ऐकू आला. ओठ हलले. आवाज निघाला नाही.

ती पाहत होती. मला वाटतं, तिला कळलं होतं. तिनं मला घाई केली नाही. मी तिच्यासमोर अमावास्येला जसा थांबायचो, तशीच ती थांबली, हातातल्या गडूवरून अंगठा फिरवत. मग अगदी हळू म्हणाली, "मोठ्यानं, मास्तर."

मी म्हणालो, "सारांश लिहिताना आटोपशीर लिहीत जा."

तिनं पेढे माझ्याकडे सरकवले. मग उठली, वाकून नमस्कार केला, आणि "येते" म्हणून जिना उतरली. खाली दादानं तिला काहीतरी विचारलं, ती हसून काहीतरी बोलली. माडीवरून दोघांचाही शब्दन् शब्द ऐकू येत होता, पण मला त्यातला एकही आठवत नाही.

ती आली नाही. कॉलेज झालं, मग पुढचं शिक्षण, मग दूर कुठेशी मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका झाल्याचं निवृत्तीकडूनच कळलं. तो बहिणीबद्दल बोलताना पागोटं सारखं करतो. तो गडू तिच्या टेबलावर असतो म्हणे. मी तिच्यानंतर पुष्कळ मुलं पास केली आणि नाशिकरोडला पोचवली. लग्न केलं नाही. का, असं पूर्वी लोक विचारत. आता विचारत नाहीत. धंद्याबद्दल मला तक्रार नाही. ज्यांना मी बोलतं केलं ती माणसं आज ठिकठिकाणी बोलत आहेत, आणि चांगलं बोलत आहेत.

दादा जाऊन काही वर्षं झाली. आधी अॅल्युमिनियम आलं, मग स्टेनलेस स्टील. कारागीर एकेक करून गेले. एकाचा मुलगा ओझरला कारखान्यात लागला, एकानं पानाची गादी टाकली. तांब्याची ऐरण कोणी विकत घेत नाही, म्हणून ती अजून खाली आहे. तुम्ही हा अंक उघडाल तेव्हा लक्ष्मीपूजनाची अमावास्या जवळ असेल आणि घरोघर दिवे असतील. आमच्या आळीत आता रोजच अमावास्या असते.

परवा दुपारी माडी झाडून घेतली आणि माझ्या खुर्चीवर न बसता समोरच्या जागी बसलो, जिथे ती बसायची. घरात कोणी नव्हतं. ते वाक्य मी म्हणून पाहिलं. पहिल्यांदा जमलं नाही. मग टेबलावर बोटानं ठोके दिले, दादाच्या लयीत, आणि पुन्हा म्हणालो, मोठ्यानं. अगदी स्वच्छ ऐकू आलं.